विश्लेषण : ‘आयर्नमॅन’च्या पुढची ‘अल्ट्रामॅन’ स्पर्धा किती खडतर?

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे एकाच दिवसात पूर्ण करण्याची ‘आयर्नमॅन’ स्पर्धा आता महाराष्ट्रातही परिचयाची झाली आहे. त्यापुढची पायरी म्हणजे ‘अल्ट्रामॅन’. मात्र, ती गाठण्याची घाई अंगलट येऊ शकते.

अंतर किती?
आयर्नमॅनमध्ये ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणे असते. अल्ट्रामॅन तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी १० किमी पोहून सुमारे १४५ किमी सायकल, दुसऱ्या दिवशी सुमारे २७५ किमी सायकल, तिसऱ्या दिवशी ८४ किमी धावणे. प्रत्येक दिवसाला मर्यादा १२ तासांची. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकची आयर्नमॅन आणि २०१७ मध्ये फ्लोरिडातील अल्ट्रामॅन पूर्ण केली.

खरी कसोटी कशाची?
वेगापेक्षा थकवा भरून काढण्याची. कालचे दुखरे पाय घेऊन आज पुन्हा उभे राहायचे असते. म्हणून सरावात लागोपाठ दोन दिवस लांब पल्ले आणि सायकलवरच खाण्याची सवय हवी. घाम गाळत नुसते पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते आणि ते जिवावर बेतू शकते.

सुरुवात कुठून?
गोव्यातील ‘आयर्नमॅन ७०.३’सारख्या निम्म्या अंतरापासून. त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. धरणात किंवा समुद्रात एकट्याने पोहू नये. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे. पदक वर्षभर उशिरा मिळाले तरी बिघडत नाही. शरीर मात्र बदलून मिळत नाही.