साठ की आठ?

ग्रामसभा असो, बचत गटाचा मेळावा असो, नाहीतर सप्त्यातलं महिलांचं भजन असो, बाई माईकसमोर उभी राहिली की मागून कुणीतरी हमखास ओरडतं, "ताई, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!" ताई बिचारी घसा ताणते. मग दुसऱ्या कोपऱ्यातून शेरा येतो, "केवढी किंचाळते!" शेवटी ती दोन वाक्यांत आटोपतं घेते आणि माईक एखाद्या भाऊसाहेबांच्या हातात देऊन खाली बसते. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या आमच्या डोंगरी भागात बचत गटांचं काम करताना हे चित्र मी कितीदा तरी पाहिलंय. माझं म्हणणं असं, की दोष बाईच्या आवाजात नसतो. बहुतेक वेळा तो स्पीकरमध्ये आणि तो मांडण्याच्या पद्धतीत असतो.

तुम्ही म्हणाल, स्पीकर हा काय बायकांच्या पुरवणीचा विषय आहे? पण विचार करा, गावात स्पीकर घेताना वर्गणी सगळ्या घरांतून जाते. निवड मात्र मंडळाची मुलं करतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. किती वॅटचा? किती इंची? छाती धडधडते का? समोर बसून शब्द न् शब्द समजतो का, हे कुणी विचारत नाही. आणि समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त तर आपणच असतो!

माझा एक भाचा साउंडचं काम करतो. गेल्या वर्षी तो मला मुंबईत एका मोठ्या हॉटेलात भरलेलं हाय-फाय ऑडिओचं प्रदर्शन दाखवायला घेऊन गेला. खोल्याखोल्यांतून दुकानं मांडलेली, खाली जाड गालिचे, भिंतींना पडदे आणि खुर्च्यांवर बसलेली मंडळी अशी डोळे मिटून, की जणू कीर्तनच ऐकतायत. किमती ऐकून मी भाच्याचा हातच धरला. काही जोड्यांच्या पैशात आमच्याकडे एखादं घर उभं राहील. पण ऐकायला पैसे पडत नव्हते, म्हणून दिवसभर ऐकत फिरले.

पहिल्या काही खोल्यांत माणसाएवढे उंच स्पीकर होते. एकेका खोक्यात तीन-तीन, चार-चार पडदे. भाच्याने समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हे म्हणजे एकत्र कुटुंब. मोठा वूफर म्हणजे थोरले दीर, जड आवाजाचं काम त्यांचं. छोटा ट्वीटर म्हणजे धाकटी नणंद, बारीक, चिरक्या सुरांची. मधला आवाज मधल्या जावेकडे. आणि आत क्रॉसओव्हर नावाची एक व्यवस्था असते, ती म्हणजे सासूबाई. कुणी काय करायचं ते वाटून देणारी. सासूबाई जाणत्या असल्या तर घर एका सुरात चालतं. नसल्या तर गाणाऱ्या बाईचा गळा एकीकडून आणि तिचा 'स' दुसरीकडून आल्यासारखा वाटतो.

मग एका टोकाच्या खोलीत गेलो. तिथे साध्या लाकडी खोक्यात प्रत्येकी एकच कागदी पडदा, मध्यभागी छोटासा आणखी एक कागदी कोन चिकटवलेला. याला म्हणतात फुल-रेंज स्पीकर. जड, मधले, बारीक, सगळे सूर एकाच पडद्याने काढायचे. एकटीने सगळं घर सांभाळणारी बाई आठवली मला! तसं पाहिलं तर यात नवल काही नाही. 1925 साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा कोन अशी स्पीकरची मांडणी जगापुढे ठेवली, तीच अजून चालू आहे. आपल्या माहेरच्या ट्रान्झिस्टरमध्येही असाच एकुलता एक पडदा असायचा आणि त्याच्यावर बातम्या, भक्तिगीतं, श्रुतिका सगळं चालायचं.

प्रत्येक खोलीत त्यांची ठरलेली चकचकीत गाणी वाजत होती. माझ्या मोबाइलमध्ये वेल्ह्याकडच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, गटाच्या बैठकीनंतर मीच टिपलेल्या. ना पेटी, ना तबला. मी म्हटलं, "दादा, एवढं लावता का?" तो जरा बिचकला. "मॅडम, मोबाइलचं रेकॉर्डिंग यावर चांगलं वाटणार नाही," म्हणाला. पण लावलं.

आणि मैत्रिणींनो, आजी समोर येऊन बसल्या! ओवीच्या शेवटी त्या श्वास घेतात तो ऐकू आला. एक दात पडल्यामुळे त्यांचा 'स' जरा निसटतो, तोही ऐकू आला. शब्द शोधायला लागले नाहीत. मग तेच रेकॉर्डिंग आम्ही परत जाऊन एका मोठ्या जोडीवर लावून घेतलं. तिथे जात्याची घरघर भारदस्त झाली, पण आजी मात्र डोंगराएवढ्या झाल्या आणि कुठेतरी दूर गेल्या. सगळ्या मोठ्या स्पीकरचं असंच होतं असं मी म्हणत नाही. एका खोलीत मोठ्या जोडीवरही त्यांचा आवाज फार सुरेख आला. म्हणजे आकार आणि किंमत यांवरून आवाजाचा खरेपणा ठरत नाही, हे तर पक्कं झालं.

एकट्या पडद्याच्या उणिवाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही त्यांची जाहिरात करते. त्यावर ढोल-ताशा लावला, तर ताशा खणखणला, ढोलाचा घुमारा मात्र आला नाही. आवाज फार वाढवल्यावर तो कावल्यासारखा झाला. आणि मी खुर्ची सोडून बाजूला सरकले, तशी शब्दांची धार कमी झाली. बारीक सूर असे समोरच्या रेषेत जास्त जातात. घरात दोन-चार माणसांनी ऐकायला तो छान, जत्रेच्या मैदानात त्याचा निभाव लागायचा नाही.

आता यात आपल्या गावाचा काय संबंध? तर असा. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपांपर्यंतचे आवाज कळतात. बोलताना अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांनी आवाजाला भरीवपणा येतो. पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांची खूण वरच्या पट्टीत असते, 'स'ची तर चार हजारांच्याही वर, आणि बायकांच्या बोलण्यात ती आणखी वर सरकते. ती पट्टी स्पीकरने गाळली की 'साठ'चा 'आठ' होतो. कर्जाचे साठ हजार की आठ हजार? गटाच्या हिशेबात हा फरक छोटा आहे का हो? मिरवणुकीतल्या भिंती धडधडतात खालच्या पट्टीत, तिथे शब्द नसतोच. देवळावरचा कर्णा लांबवर पोचतो, पण त्याची पट्टी अरुंद, म्हणून आवाज टोचतो.

ही गोष्ट नवी नाही. 1920च्या दशकात अमेरिकेत रेडिओ नवा होता, तेव्हाही बायकांचे आवाज रेडिओवर बरे वाटत नाहीत अशी तक्रार व्हायची. त्या काळात रेडिओवर वरची पट्टी पाच हजारांच्या आसपास कापली जायची, तिचा फटका बायकांच्या शब्दांना जास्त बसायचा. दोष यंत्राचा आणि नाव बाईचं!

मग आपण करायचं काय? लाखांचे स्पीकर नकोतच. आपल्या समाजमंदिरात एक उंच, अरुंद डबा असतो, त्याला मंडपवाले 'कॉलम' म्हणतात. त्यात बहुधा एकाखाली एक असे चार-सहा छोटे फुल-रेंज स्पीकरच असतात. प्रदर्शनातल्या त्या खोक्याचा हा गरीब चुलतभाऊ म्हणा. तो उभा ठेवला की आवाज दोन्ही बाजूंना पसरतो आणि छताकडे कमी जातो. आपल्याकडे तो सर्रास टेबलावर आडवा टाकलेला असतो! मग कडेला बसलेल्या बायकांना शब्द कळत नाहीत आणि आवाज पत्र्यावर आपटून घुमतो. कॉलम उभा करा, बसलेल्यांच्या डोक्यांच्या थोडा वर, त्यांच्याकडे जरासा झुकवून. तो माईकच्या पुढे ठेवा, मागे नको, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. उघड्या भिंतींवर चार गोधड्या टांगा, खाली सतरंज्या अंथरा. त्या हॉटेलातले गालिचे आणि पडदे हेच तर काम करत होते. आणि पावसाळ्यात सेट ओलीत ठेवू नका. आमच्याकडच्या पावसात कागदी पडदा दमट होऊन बिघडतो.

नवीन सेट घ्यायचा असेल तर दुकानदार लावेल त्या गाण्यावर जाऊ नका. एका बाईला माईक द्या आणि गटाचं हजेरीपुस्तक वाचायला सांगा, नावं आणि आकडे. दोघींनी शेवटच्या ओळीच्या जागी बसायचं, एकीने कडेला. साठ आणि आठ, सात आणि हात वेगळे कळले तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान. यासाठी इंजिनिअर लागत नाही, कान लागतात.

आवाज वाढवून प्रश्न सुटत नाही हेही लक्षात घ्या. सरकारच्या 2000 सालच्या ध्वनी नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. शब्द स्वच्छ असला की कमी आवाजातही पोचतो, आणि शेजारच्या घरातलं बाळही झोपून राहतं.

महाराष्ट्रात 2011पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. खुर्ची मिळाली, माईकही मिळाला. पण त्या माईकमधून निघालेला शब्द शेवटच्या ओळीपर्यंत जात नसेल, तर बाई बोलली काय आणि न बोलली काय! म्हणून पुढच्या वेळी गावात सेट घ्यायचं ठरेल, तेव्हा वर्गणीबरोबर दोघी-तिघी स्वतःही दुकानात जा. पोरं हसतील थोडी. हसू देत. हजेरीपुस्तक तेवढं पिशवीत घालायला विसरू नका.