चाक जागेवर आहे का?

मराठीच्या मास्तराने मोटारीच्या पुढच्या चाकांवर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्रच वाटेल. मलाही वाटते. परंतु २०२३ च्या डिसेंबरात हेमलकशाला जाताना जे घडले, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घापेक्षा माझे लक्ष टायरांकडे अधिक जाऊ लागले आहे.

१९७३ मध्ये बाबा आमट्यांनी भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात हा मुलूख महिनोन्महिने जगापासून तुटत असे. आता आलापल्लीहून जंगलातून रस्ता जातो. आणि रस्ता असला की शहरी माणसाला घाई सुटते. संध्याकाळी गाय आडवी आली. तिला चुकवताना डावे पुढचे चाक मोरीच्या कठड्यावर आदळले. गाय शांतपणे निघून गेली. मोटारही चालत होती. पण सरळ जायचे तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरावे लागे, आणि हात सैल झाला की ती डाव्या कडेच्या झाडीकडे निघे. मागे म्हातारी आई आणि मुलगी.

मुक्कामी एका जीपचे चालक भेटले. मी म्हणालो, "चाकांची अलाइनमेंट गेली असावी." ते म्हणाले, "सर, चाक सरळ आहे का ते मागाहून पाहू. आधी जागेवर आहे का ते पाहू."

सकाळी सपाट जागी मोटार उभी केली. प्रथम त्यांनी टायरची हवा पाहिली, फुगवटा आहे का म्हणून हात फिरवला, रिम तपासली. कारण मोटार एका बाजूला ओढते ती कित्येकदा नुसत्या टायरमुळे. मग चाके सरळ करून सुतळीला दगड बांधला, प्रत्येक चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी सारखे हवे. डावीकडे ते दीड बोट कमी भरले! धक्क्याने चाक मागे सरकले होते. म्हणजे चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा, लोअर आर्म, वाकला होता. त्याची दुसरी साक्ष चाकाच्या तोंडावर धरलेल्या ओळंब्याने दिली: चाकाचे डोके बाहेर झुकले होते.

नंतर जॅक लावून त्यांनी चाक वरखाली धरून हलवले, मग डावे-उजवे. वरखाली खडखडले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेले, आडवे खडखडले तर टाय रॉडचा सांधा. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या मोटारीचे चाक आडवे पडते. नशिबाने काहीच हलले नाही, कुठे भेगही नव्हती. "हळूहळू चंद्रपूर गाठा. पण दांडा बदलल्याशिवाय अलाइनमेंट करू नका," त्यांनी बजावले.

शहरात पोचलो आणि मी नेमके तेच केले. गॅरेजात चकचकीत यंत्र होते. टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ झाले, हिरव्या आकड्यांचा छापील कागद हाती आला, आणि छापील मजकुरावर विश्वास ठेवणे हा तर माझा धंदाच! दोन महिन्यांत डाव्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत झाली. कागद पुन्हा काढला. टो, म्हणजे चाकांची पावले आत की बाहेर वळलेली, तेवढा आकडा हिरवा होता. चाकाचा झोक, कॅम्बर, आणि सायकलच्या चिमट्यासारखा कलता बाक, कॅस्टर, हे दोन्ही लाल होते. बहुतेक लहान मोटारींत टाय रॉडने फिरतो तो फक्त टो. बाकीचे दोन जोडभागांच्या जागेवर अवलंबून. वाकलेला दांडा तसाच ठेवून टो जुळवणे म्हणजे शब्द चुकीचा ठेवून त्याचे शुद्धलेखन सुधारणे. दोन महिने घरच्यांना मी त्याच दांड्यावर फिरवले होते.

दांडा नवा बसवल्यावर सुतळी मीच धरली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मग यंत्राकडे गेलो. तीही अंके आता जुळली.

सुतळीचा गुंडा डिकीत असतो. यंदा आकाशकंदील टांगायला सौभाग्यवतींनी तो मागितला. मी बाजारात जाऊन दुसरा आणून दिला.