अष्टपैलूंची चलती
अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमधील उंचीचे साम्राज्य २०१५ च्या जूनमध्ये उघडपणे डळमळले. अंतिम मालिकेत १-२ असा मागे पडलेल्या गोल्डन स्टेट संघाने सात फुटी सेंटर बोगट यास बाकावर बसविले, मोसमभर एकदाही आरंभापासून न खेळलेल्या इगुडाला या फॉरवर्डला उतरविले आणि उरलेले तिन्ही सामने जिंकले. सुमारे साडेसहा फुटी ग्रीन सेंटरची जागाही राखी, चेंडूही खेळवी. १९७९ मधील तीन गुणांच्या रेषेने आणि २००१ मध्ये क्षेत्रबचावाला मिळालेल्या मुभेने ही वाट मोकळी केली होती. अष्टपैलुत्वाचे कौतुक योग्यच. मात्र तिघांची कामे एकाकडे गेली, की आयुष्यभर एकच काम घोटणाऱ्याच्या वाट्याला बाक येतो. २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून देणारा योकिच सेंटरच खरा. पण तोही नुसत्या उंचीवर टिकलेला नाही, संघाचा खेळ तोच रचतो.