जेवण नांगऱ्याचं, काम मुनीमजीचं



ऊस, उतारा, भाव आणि पाणी या चार विषयांवर आपल्या अंकातून पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही उसाविषयी नव्हे, तर ऊस लावणाऱ्याविषयी लिहिणार आहोत. म्हणजे आपल्याचविषयी.

गेल्या पावसाळ्यात पोटाच्या उजव्या अंगाला जड जड वाटू लागलं म्हणून आम्ही नंदुरबारला जाऊन सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी चढली आहे. आम्ही दारूला आजवर शिवलेलो नाही, हे त्यांना जरा रागानेच सांगितले. ते हसले. म्हणाले, "आप्पा, न पिणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते. तुम्ही काम काय करता?" म्हटलं, शेती. "हो, पण शेतात तुम्ही स्वतः काय करता?"

इथं आम्ही अडलो. खरंच, काय करतो? सकाळी मोटारसायकलवर मळ्यात जातो, सालदाराशी बोलतो. मोटार मोबाईलवरून सुरू होते, पाणी ठिबकनं जातं. नांगरट ट्रॅक्टरची, तोडणी टोळीची. नंतर फाट्यावर चहा, मग गट कार्यालयात दोन तास खुर्ची. आमचे वडील याच जमिनीत बैलांमागे चालले. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. नांगराचं तास वीतभर, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर रुंद धरलं, तर एक एकर नांगरताना माणसाची साडेसतरा किलोमीटर चाल होते. हिशेब कागदावर करून पाहावा. दिवसाकाठी अर्धा एकर झाला तरी पावणेनऊ किलोमीटर, तेही ढेकळांतून आणि रुमण्यावर जोर देत. संध्याकाळी त्यांच्या ताटात बट्टीवर तूप ओतलं जायचं, भरतावर तेल तरंगायचं. ते त्यांना पचत होतं, कारण ते त्यांनी दिवसभरात आधीच खर्चून टाकलेलं असायचं.

आता ताट तेच आहे. उलट वाढलं आहे. पूर्वी शेवभाजी पाहुणा आला तर व्हायची. आता आठवड्यातून तीनदा. भजी, फरसाण, तळलेल्या मिरच्या वेगळ्याच. आम्ही घरी हिशेब मांडला. सहा माणसांच्या आमच्या घरात तेलाचा १५ किलोचा डबा चाळीस दिवसांत संपतो. म्हणजे माणशी रोज ६२ ग्रॅम! सूनबाईंचं म्हणणं, यात आल्यागेल्याचं आणि मजुरांचंही आलं. मान्य. दहा-बारा ग्रॅम सोडून देऊ. तरी पन्नास उरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० साली वरून घ्यायच्या तेल-तुपाचे जे प्रमाण दिले, त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २५ ग्रॅम, मध्यम कामाच्या पुरुषाला ३० आणि कष्टाचं काम करणाऱ्याला ४० ग्रॅम आहे. शेतीचा सातबारा नावावर आहे म्हणून आम्ही कष्टकऱ्याच्या रकान्यात बसत नाही, हे या आकड्यांनी आम्हांला दाखवले. आम्ही आता मुनीमजीच्या रकान्यात आहोत. आणि खातो मात्र नांगऱ्याच्याही वर.

या शरीराचा कारभार साखरेच्या गोदामासारखा आहे. जेवणातली साखर मुख्यतः स्नायूंत साठते आणि काम केलं की तिथून उचलली जाते. उचल झालीच नाही तर गोदाम भरलेलंच राहतं, नवीन पोती येत राहतात आणि लिव्हर त्या जादा मालाची चरबी करू लागतं. त्यात तेल-तूप वेगळं येतं, ज्याच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. पिठा-साखरेच्या एका ग्रॅममधून चारच. मोठे दोन चमचे तेल खर्ची पडायला सत्तर किलोच्या माणसाला तासभर चालावं लागतं. (साखर कारखान्याच्या अंकात साखरेविरुद्ध लिहिल्याबद्दल संचालक मंडळाने आम्हांस क्षमा करावी, पण सवलतीची साखर घरी आली म्हणून ती चहातच संपवली पाहिजे असा काही पोटनियम नाही.)

"आम्ही तर सडपातळ आहोत, आमचा काय संबंध," असं कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्याच अंगावर दाखवलं. २००४ साली त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा असू शकतो. आपल्याकडची बाळं जन्मताच लहान पण चरबी राखून असतात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत आधीच दाखवलं होतं. त्याच फोटोबरोबर एक गमतीची नोंद होती: युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातली लिफ्ट बंद होण्याआधी पळत जाऊन गाठणे. हसू येतं खरं. पण आपण तरी काय करतो? मळ्याच्या बांधापर्यंत मोटारसायकल नेतो.

बसून काम आणि फिरून काम यांतला फरक त्याहूनही जुना आहे. लंडनमध्ये डॉ. मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये जास्त. बस एकच, रस्ताही एकच. पुढे या अभ्यासावर पुष्कळ चर्चा झाली, कारण ड्रायव्हर मुळातच जाड निघाले. पण बसून राहण्याचा धोका त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतूनही पुढे आला.

मग व्यायाम कोणता? बहुतेक सभासद इथं चुकतात, आम्हीही चुकलो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही गावातल्या मारुतीपर्यंत रमतगमत जाऊ लागलो. वाटेत चार ठिकाणी थांबून गप्पा. त्यानं काही झालं नाही. चालणं असं हवं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे अशी मध्यम मेहनत सांगितली आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला. हा दुसरा भाग आपण सोडून देतो. चालण्यानं गोदाम रिकामं होतं. जोर, बैठका, ओझं उचलणं यानं गोदामच मोठं होतं. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात, म्हणजे गोदामाची एकेक खण पडत जाते. "काय करो भाऊ, वय जयं आते," असं म्हणून आपण खाटेवर बसतो आणि झीज आणखी वाढते. नांगराला दोन्ही कामं एकदम होती, चालही आणि जोरही. तो गेला तर दोन्हींची वेगळी सोय करणं आलं. लिव्हरची चरबी दोन्ही प्रकारच्या व्यायामानं उतरते, काही वेळा वजन न घटताही. म्हणून काट्यावर आकडा हलला नाही तरी कोणी नाराज होऊन सोडू नये. आम्ही सोडणार होतो.

लग्नसराईपुरती एक गोष्ट सांगतो. तेलकट जेवणानंतर रक्तात चरबी चढते आणि सहा-आठ तास उतरत नाही. पण आदल्या दिवशी तासभर झपाझप चाललेल्याच्या रक्तात ती कमी चढते. तेव्हा उद्या बट्टीचं आमंत्रण असेल तर आज चालून घ्यावं. जेवल्यावर पश्चात्तापानं पळण्यात तितका अर्थ नाही. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी जोर-बैठकांआधी डॉक्टरांना विचारावं.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपण काय पाहतो? चाल पाहतो, पळवून पाहतो. बांधून ठेवलेला आणि चंदीवर फुगलेला घोडा कोणी घेत नाही.

तेलाच्या जातीबद्दल थोडं. घाणीचं शेंगदाणा तेल वाईट नाही, पण चांगलं आहे म्हणून भांडं भरून ओतू नये. पामतेलात घट्ट चरबी जवळजवळ निम्मी असते, आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा तापलेलं तेल कुठलंही असो, टाळलेलंच बरं.

आता जे सांगायला बसलो ते. आपल्या फडात जी टोळी उतरते, तिच्यात धडगाव, अक्कलकुव्याकडची माणसं असतात. पहाटे कोयता सुरू होतो, मोळ्या डोक्यावर गाडीत चढतात. व्यायामाचे दोन्ही प्रकार ते रोज आठ-दहा तास करतात. त्यांच्या भाकरीसोबत काय असतं, हे तळावर जाऊन पाहिलं आहे का? मिरचीची चटणी. तेल नावाला. आणि त्यांची लेकरं पाचटावर खेळत असतात. लहान मुलाला वाढीसाठी चरबी लागते, त्याच्या मेंदूला लागते. एकाच जिल्ह्यात एका फडाच्या बांधावर लिव्हरला चरबी आणि फडात लेकराच्या अंगाला चरबी नाही, असं आहे. नंदुरबारचं नाव कुपोषणासाठी घेतलं जातं तेव्हा आपण डोंगराकडे बोट दाखवतो. पण हंगामात ती लेकरं आपल्याच शेतात असतात.

म्हणून दोन सूचना. गाळपाच्या शुभारंभाला गव्हाणीत मोळी पडल्यावर जे जेवण होतं, त्यातली तळणी निम्म्यावर आणावी. आणि वाचलेल्या पैशातून, थोडे आपल्या बिलातून घालून, हंगामभर टोळ्यांच्या तळावर मुलांना शेंगदाण्या-गुळाची चिक्की व अंडी द्यावीत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत आम्ही हे मांडणार आहोत. अनुमोदनासाठी हात वर करणारे पाहिजेत. ज्यांना जमेल त्यांनी सभेला फाट्यापासून पायी यावं. आम्ही सकाळी नऊला तिथून निघू.