पाण्याचे दप्तर वाचनालयात हवे

“पाण्याचा प्रश्न बांधीत सुटतो, पुस्तकात नाही.” भंडारा जिल्ह्यात हे वाक्य तलावाच्या पाळीवर ऐकू येते, ग्रामसभेत येते, सोसायटीच्या ओट्यावर येते. कोणीतरी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. बोलणारा बहुधा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात रोवणी करून आलेला असतो, म्हणून त्याला उलटून बोलणे जिवावर येते. तरीही बोलले पाहिजे, कारण हे म्हणणे चुकीचे आहे आणि त्याची किंमत चिखलात राबणाऱ्यालाच मोजावी लागते.

माझे म्हणणे सरळ आहे. भंडाऱ्यात पाण्याविषयीचा प्रत्येक मोठा निर्णय आधी कागदावर झाला आणि मग जमिनीवर आला. तलाव सरकारजमा झाले ते कागदावर, धरणाची पाणीपातळी ठरली ती कागदावर, कोणते गाव बुडणार हेही कागदावर. तो कागद वेळेत वाचणाऱ्याला प्रश्न विचारता आले. ज्याने वाचला नाही, त्याच्या हाती फक्त नोटीस आली. म्हणून पाण्याचे सारे दप्तर गावाच्या आणि तालुक्याच्या वाचनालयात उघडे असले पाहिजे. यावर चार आक्षेप घेतले जातात. ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप तरुणांचा. सगळे मोबाईलवर मिळते, मग वाचनालय कशाला? पुष्कळ मिळते, हे खरे. जनगणनेची जिल्हा पुस्तिका, भूजलाचे अहवाल, शासन निर्णय घरबसल्या उघडतात आणि ते उघडावेतच. पण काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागते. भंडाऱ्याच्या पाण्याचा इतिहास ‘महाराष्ट्र’ या नावाखाली शोधू गेले, तर १९६० च्या मागे वाट बंद होते. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. आपले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, मालगुजारांकडून ज्या १९५० च्या कायद्याने सरकारकडे गेले, त्या कायद्याच्या नावातच ‘मध्य प्रदेश’ आहे. ते नाव माहीत नसलेल्या पोराला तो कायदा सापडणार कसा?

दुसरी गोष्ट याहून घोटाळ्याची. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कोणत्याही तक्त्यात ‘भंडारा’ म्हणजे आजचे दोन जिल्हे. नवेगावबांधचा तलाव जुन्या पुस्तकांत भंडाऱ्याचा आहे, आज तो गोंदियाचा. विभाजनाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारीशेजारी ठेवून “तलाव निम्म्यावर आले” असे कोणी लिहिले, तर ते वाचणाऱ्याला खरेच वाटेल. तलाव बुजले किती आणि शेजारच्या जिल्ह्यात गेले किती, हा फरक मोबाईल आपणहून सांगत नाही. १९०८ चे गॅझेटियर, नंतरचे राज्य गॅझेटियर आणि २०११ ची जनगणना एका टेबलावर मांडून बसले की तो कळतो. जाणता ग्रंथपाल शेजारी असला तर पहिल्याच दिवशी कळतो.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आम्हाला तलाव ठाऊक आहे, पुस्तक काय सांगणार? या आक्षेपापुढे मी आधी हात जोडतो. पाळ कुठे झिरपते, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, कधी उघडायचे, सांडव्यावरून पाणी किती दिवस जाते, पाणी वाटणाऱ्या पाणकराने कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, हे ज्ञान कोणत्याही छापील पानापेक्षा जुने आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजावर रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यालाही या कसबाची दखल घ्यावी लागली. तलावातले मासे आणि पाणवनस्पती मासेमार ढिवरांना जितक्या कळतात, तितक्या आजही कोणत्या कार्यालयाला कळत नाहीत.

पण आठवण आणि पुरावा यांत अंतर असते. तलावाखालच्या दोन शेतकऱ्यांत पाण्याच्या पाळीवरून वाद झाला की दोघांचेही आजोबा साक्षीला येतात आणि दोन आजोबांच्या आठवणी दोन निघतात. अशा वेळी तिसरा साक्षीदार असतो तो वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटीची ही नोंद. तलावाचे पाणी घेण्याचा हक्क कोणाचा, मासेमारी कोणाची, वाट कुठून, हे तिच्यात लिहिलेले असते. निस्तारपत्रकात गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही या दोन्ही नोंदींसाठी स्वतंत्र कलमे आहेत. हा कागद आपल्या पूर्वजांच्या तोंडच्या शब्दांवरूनच तयार झालेला आहे. तो नाकारणे म्हणजे त्यांचीच साक्ष नाकारणे होय.

प्रदूषणाचेही तसेच. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून अंभोऱ्याजवळ वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येते. पाण्याचा वास आणि जलपर्णीचा थर नदीकाठच्या माणसाला कोणी दाखवायला नको. मात्र तो कार्यालयात गेला की पुरावा मागतात. पुरावा म्हणजे त्याच ठिकाणच्या पाण्याच्या तपासणीचे वर्षानुवर्षांचे आकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांत ते छापलेले असतात. नाकाने ओळखलेले सत्य अर्जात मांडायचे असेल, तर हा तक्ता हाताशी लागतो. अंभोऱ्याच्या परिसराशी मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे नाव परंपरेने जोडले जाते, अंबाजोगाईही त्यावर हक्क सांगते. ज्या संगमावर आपण मराठीच्या आद्य ग्रंथाचा अभिमान मिरवतो, तिथल्या पाण्याचा अहवाल मराठीत वाचायला मिळावा, एवढे मागणे जास्त नाही.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा. सरकारी कागद सरकारचीच बाजू सांगणार, तो वाचून काय मिळवायचे? हा आक्षेप रागातून येतो आणि त्या रागाला कारण आहे. गोसीखुर्दच पाहा. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. १९८३ च्या प्रशासकीय मान्यतेत खर्च होता ३७२ कोटी २२ लाख रुपये. तो सुधारित मान्यतांतून साडेअठरा हजार कोटींच्या घरात गेला. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. २ लाख ५० हजार ८०० हेक्टर सिंचनाचे वचन दिले गेले आणि माणसांची एक अख्खी पिढी कालव्याची वाट पाहत म्हातारी झाली.

पण हा सगळा हिशेब आपल्याला कळला कुठून? सरकारी कागदांतूनच. महालेखापालांनी या प्रकल्पावर ठपके ठेवले ते विधिमंडळात मांडलेल्या अहवालांत. राज्यातल्या सिंचनाच्या कामांची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे पथकाचा अहवाल २०१४ मध्ये आला. सरकारविरुद्ध सर्वांत भक्कम साक्ष सरकारच्याच दप्तरात असते. फक्त ती वाचणारा माणूस लागतो.

आणि असा वाचणारा आपल्याला अनोळखी नाही. १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज त्यांच्याच खात्यात येत. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी आधीच्या पूरसमित्यांचे अहवाल पुढे घेतले आणि त्यांच्या मुळाशी असलेला समज खोडून काढला. पुराचे पाणी म्हणजे लवकरात लवकर समुद्रात लोटून द्यायचे संकट, असा तो समज होता. बाबासाहेबांनी मांडले की माणूस जादा पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक सोसतो, म्हणून पाणी साठवले पाहिजे. सरकारचे अहवाल वाचून सरकारचेच धोरण बदलायला लावणे म्हणजे काय, ते या भाषणात दिसते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या भाषण-लेखनाच्या दहाव्या खंडात त्या काळातली त्यांची भाषणे आहेत. हे खंड वाचनालयाच्या कपाटात असतील तर काढा, नसतील तर मागवा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर भंडारा शहरात, पवनीत, लाखांदुरात शिरला, तेव्हा वरच्या धरणांतून पाणी कसे सोडले जाते आणि त्याचा निरोप खाली कधी पोचतो, हे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांतले प्रश्न होते. ते विचारायलाही आधी वाचलेले असावे लागते.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे. वाचनालयांत पैसा नाही, माणूस नाही, कागद इंग्रजीत आहेत आणि खोलीची अभ्यासिका झाली आहे. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात सकाळी जाऊन पाहा. लांब टेबलाभोवती स्पर्धा परीक्षेची मुले-मुली मान खाली घालून बसलेली असतात. समोर चालू घडामोडींचे मासिक, पाण्याची बाटली, पेन्सिलीने भरलेली वही. मागच्या कपाटाला कुलूप असते आणि जुने जाडजूड ग्रंथ काचेतून नुसते दिसतात. या चित्राचे वाईट वाटते, हे मीही मान्य करतो. पण त्यातच माझे उत्तर आहे. ती मुले-मुली भूगोल, राज्यघटना, पंचायत राज पाठ करतात, इंग्रजी उतारा वाचून त्याचा सारांश लिहितात. जिल्ह्यात सरकारी अहवाल वाचायची रोजची सवय असलेला एवढा मोठा वर्ग दुसरा कुठला? एका मुलाने महिन्याला एका अहवालाचा दोन पानी मराठी सारांश केला, तर वर्षाला बारा होतात. त्याचा सराव होतो आणि गावाला कागद कळतो.

पैशाचे म्हणाल, तर हे कागद विकत घ्यायचेच नाहीत. ते जनतेचे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून माहिती प्रसिद्ध करायची आहे. तिच्यात लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळाही सांगायच्या आहेत. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत आणि मसुदा अहवालाचा सारांश पाहण्यासाठी ठेवायच्या जागांत सार्वजनिक ग्रंथालयांचे नाव त्या अधिसूचनेने लिहिले आहे. म्हणजे वाचनालयात पाण्याचे दप्तर ठेवा, ही माझी एकट्याची हौस नव्हे. कायद्याच्या मजकुरातच तशी सोय आहे.

ही सोय आज वापरायची गरज का आहे, ते सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचे कालवे, १७७२ दशलक्ष घनमीटर पाणी आणि ८७ हजार कोटींहून अधिक खर्च. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा या सहा जिल्ह्यांना लाभ सांगितला आहे. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला पाणी नको, असे भंडाऱ्याचा शेतकरी कधी म्हणणार नाही. पण पाणी ‘अतिरिक्त’ ठरवताना कोणत्या वर्षांचे प्रवाह धरले, आपल्या मामा तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तलावांची, गरज वजा केली का, गोसीखुर्दच्या स्वतःच्या लाभक्षेत्राचे अपुरे वचन आधी पूर्ण होणार का, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. या प्रश्नांची उत्तरे घोषणेत नसतात, ती प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टांत असतात. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात येते, म्हणून गोदावरी पाणी तंट्याच्या लवादाचा निवाडा आणि तो अहवाल शेजारी ठेवून वाचला, तरच प्रश्न नेमका होतो. नेमक्या प्रश्नाला टाळणे अवघड जाते.

म्हणून मागणी एका कपाटाची आहे. जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत, भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर इथे, एकेका वाचनालयात ‘पाणी’ असे लिहिलेले एक कपाट असावे. त्यात दोन्ही गॅझेटियर, जनगणनेची पुस्तिका, तालुक्यातल्या तलावांची यादी, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रकाच्या नकला, गोसीखुर्द व बावनथडी प्रकल्पांचे अहवाल, पाण्याच्या तपासणीचे तक्ते आणि चालू जनसुनावण्यांचे सारांश असावेत. शेजारी एक कोरी वही असावी. पाणकराने, ढिवराने, पाळीवर माती टाकलेल्या बाईने सांगितलेले त्यात लिहून घ्यावे, कारण गॅझेटियरने महसूल मोजला, तिची टोपली मोजली नाही. बांधीतले ज्ञान आणि कपाटातले ज्ञान एकमेकांचे वैरी नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवर समाजासोबत तलाव सावरण्याचे काम केले, तेही पारंपरिक जाण आणि अभ्यास यांना एकत्र आणूनच.

वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्यांना आणि सरपंचांना माझी विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढायला आणि पाळीवरची बेशरमाची झुडपे उपटायला माणसे निघतील, त्याच आठवड्यात अभ्यासिकेतल्या एका मुलीला किंवा मुलाला तहसील कार्यालयात पाठवा. आपल्या तलावाच्या वाजिब-उल-अर्जची नक्कल मागणारा अर्ज सोबत द्या. नक्कल आली की ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि एक प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवा. त्या कपाटाला कुलूप लावू नका.