बातमीचा हिशेब कोण ठेवणार?

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. त्या काळात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कौतुकाचा एकच मजकूर शब्दशः छापून आला. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीस आणले. चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींचे ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीचे ६,००० रुपये, एवढेच होते. त्यांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये या हिशेबावर ठपका ठेवला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला.

या काळात ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या आल्या. बातमी विकत घेतलेली आहे असे समितीने ठरवले, तर जाहिरातीच्या दराने तिची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. हे चांगलेच आहे. पण यातून फक्त पैशाचा प्रश्न विचारला जातो. पैसे न घेताही बातमी एकतर्फी असू शकते, त्याचे काय?

दक्षिण आफ्रिकेत ‘मीडिया मॉनिटरिंग आफ्रिका’ ही संस्था १९९३ पासून हे काम करते. निवडणुकीच्या बातम्यांत कोणता पक्ष किती दिसला, कोण बोलले, स्त्रियांना किती जागा मिळाली, कोणते प्रश्न सुटून गेले, याची ती मोजदाद करते. वर्णभेदाच्या राजवटीत बहुसंख्य जनतेचा आवाज दाबला गेला होता. अशा देशाला या मोजदादीची गरज लवकर कळली.

आपल्याकडे मुसलमान निवडणुकीच्या बातमीत येतो तो बहुधा ‘मुस्लीम मते कुणाकडे?’ या मथळ्यापुरता. २०२४ मध्ये तर ‘व्होट जिहाद’ हा शब्द भाषणांतून थेट मथळ्यांत गेला. चिखली तालुक्यातील उंद्रीच्या मुस्लीम शेतकऱ्यालाही सोयाबीनच्या भावाची तीच चिंता आहे जी त्याच्या शेजाऱ्याला आहे. पण भावाबद्दल त्याला विचारणारा वार्ताहर क्वचितच भेटतो. त्याचे मत मोजले जाते, म्हणणे ऐकले जात नाही. यासाठी कुणी पैसे दिलेले नसतात, म्हणून कोणत्याही समितीपुढे हा विषय येत नाही.

म्हणून ही मोजदाद वाचकांनीच सुरू करावी. पुढच्या निवडणुकीत उंद्रीतल्या चार-पाच तरुणांनी, सर्व समाजांच्या, एक वही घालावी. रोज दोन-तीन दैनिके पाहून कोणाला किती जागा, कोण बोलले, कोणता प्रश्न आला, हे तारखेसह लिहावे. सारखा मजकूर दिसला तर कात्रणे जोडून जिल्हा समितीकडे तक्रार करावी. बाकीची नोंद संपादकांना पाठवावी.

अट एकच. आपल्या पसंतीच्या उमेदवाराचे अवास्तव कौतुकही त्याच वहीत आले पाहिजे. तसे केले नाही, तर तो इन्साफ नव्हे, नुसती कुरकुर ठरेल. आणि कुरकुरीला संपादक उत्तर देत नाहीत.