आकाशाची खातेवही कोणाच्या हाती?

गुढीपाडव्याच्या सकाळी घरोघर पंचांगाची पूजा होते, वर्षफल वाचले जाते आणि ग्रहांचे राशिप्रवेश घटकापळांसह सांगितले जातात. २ एप्रिल २०२२ रोजीही राजापेठेत आणि साऱ्या वऱ्हाडात हे यथासांग पार पडले. त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश सरकत गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावच्या मोकळ्या जागेत, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन आदळले. गावात तेव्हा सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. कोणी दगावले नाही, कोणाचे घर मोडले नाही. कडे पंचवीस हात इकडेतिकडे पडते तर काय झाले असते, याचा विचार करण्याची तसदी त्यानंतर कोणी फारशी घेतली नाही.

पहिल्या काही तासांत जे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोणी उल्कावर्षाव म्हटले, कोणी विमान, कोणी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या अग्निबाणाचे नाव घेतले. वाहिन्यांनी ‘रहस्य’ हा शब्द पुरवून पुरवून वापरला. मात्र अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेवढ्यातच सांगून टाकले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग चेंग ३ बी’ अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा. तो तासाभरात वातावरणात शिरणार हे अपेक्षितच होते, आणि त्याचा मार्ग दिसलेल्या प्रकाशाशी जुळतो. लाडबोरीच्या आकाशातून काय गेले हे मॅसॅच्युसेट्समध्ये बसलेल्या माणसाला कळले. सिंदेवाहीच्या तहसील कचेरीला, चंद्रपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि मुंबईच्या मंत्रालयाला कळले नाही.

यात नवल कसले, त्यांच्याकडे मोठ्या दुर्बिणी आणि रडारे आहेत, असे उत्तर लगेच येते. ते अर्धसत्य आहे. मॅकडॉवेल यांनी ज्या नोंदींवरून अनुमान बांधले त्यांचा फार मोठा भाग जगातील कोणालाही फुकट मिळतो. तो वाचणारे संगणक-कार्यक्रमही फुकट मिळतात. ‘जी-प्रेडिक्ट’ हा तर मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली दिलेला, कोणीही वापरावा, उघडून पाहावा आणि सुधारावा असा आहे. राजापेठेतील एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकावर तो सुखाने चालेल. तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नाही. समोर ठेवलेली वही वाचायला कोणी शिकवले का, हा आहे.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला वहीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. सावकाराच्या खातेवहीत काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नसे, म्हणूनच तर अंगठ्याच्या एका ठशावर जमिनी गेल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले, तेव्हा त्यांना त्या कागदांची ताकद पुरेपूर कळली होती. आकाशाची आजची खातेवही मात्र जाळून उपयोगाची नाही. ती वाचलीच पाहिजे. आणि ती वाचणे पंचांग वाचण्याहून फारसे अवघड नाही.

या कार्यक्रमांचा पडदा उघडला की पृथ्वीचा सपाट नकाशा दिसतो. त्यावर नागमोडी रेषा, आणि रेषेवर हळूहळू सरकणारा एक ठिपका. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ म्हणजे तो उपग्रह त्या क्षणी जेवढ्या भूभागावरून क्षितिजाच्या वर दिसू शकतो तेवढा प्रदेश. आत राजापेठ आली, की उपग्रह राजापेठेला उगवला. बाहेर गेली, की मावळला. इंग्रजी आद्याक्षरांत लपवलेल्या दोन भयप्रद संज्ञांचा अर्थ एवढाच: उदय आणि अस्त. शेजारच्या कोष्टकात उत्तरेपासून मोजलेली दिशा आणि क्षितिजापासून मोजलेली उंची दिलेली असते. मराठीत यांना दिगंश आणि उन्नतांश म्हणतात, आणि पंचांगकर्त्यांना हे शब्द संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. पडद्यावरील इंग्रजी ही अडचण खरी. पण तिच्याआड लपलेले ज्ञान परके आहे, हा समज खोटा.

पहिले काम म्हणजे आपले ठिकाण भरणे. ठिकाणांच्या यादीत राजापेठ शोधत बसू नये. सुमारे २०.९२ अंश उत्तर, ७७.७५ अंश पूर्व आणि समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास उंची, हे आकडे हातानेच द्यावेत. दुसरी गोष्ट वेळेची. हे कार्यक्रम पुष्कळदा जागतिक वेळ दाखवतात, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. लाडबोरीची रात्री ७ वाजून ५० मिनिटे ही वेळ तेथे दुपारी २ वाजून २० मिनिटे अशी दिसेल. घड्याळाच्या या एका फरकापायी कित्येक हौशी मंडळी रिकाम्या आकाशाकडे पाहत बसतात आणि दोष यंत्राला देतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होते. पडद्यावरचा ठिपका म्हणजे उपग्रहाचे छायाचित्र नव्हे. ते गणित आहे. प्रत्येक वस्तूसाठी आकड्यांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. छिद्रपत्रांच्या काळापासून ही मांडणी चालत आली आहे. कक्षेचा कल किती, ती किती लंबवर्तुळाकार, दिवसाला प्रदक्षिणा किती, हवेचा अडथळा किती आणि ही मोजणी कोणत्या क्षणाची, हे सारे त्यांत असते. कार्यक्रम त्या क्षणापासून पुढचे गणित करतो आणि ठिपका सरकवतो. ओळी जुन्या झाल्या तरी तो तितक्याच डौलाने सरकत राहतो. पडदा आपली चूक कधी कबूल करत नाही. म्हणून ओळी ताज्या उतरवून घेणे आणि त्यांवरची तारीख पाहणे हे पहिले कर्तव्य होय. सरकारी आकडेवारी वाचतानाही हीच सवय लागली तर पुष्कळ बिघडलेले सुधारेल!

पृथ्वीकडे कोसळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तर हे गणित फारच डळमळीत होते. वरच्या विरळ हवेचा अडथळा सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलतो, तुटका टप्पा गडगडत येतो, आणि पुनःप्रवेशाच्या वेळेचा अंदाज उरलेल्या काळाच्या दहा ते वीस टक्क्यांनी चुकू शकतो. एक दिवस आधी सांगितलेली वेळ दोन ते पाच तासांनी चुकली, तर तेवढ्यात ती वस्तू पृथ्वीभोवती एक ते तीन प्रदक्षिणा करून येते. तिचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. राजापेठेपासून सिंदेवाहीपर्यंतचे सरळ अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक; म्हणजे पुरता अर्धा मिनिटही नाही. ‘अमुक गावावर पडणार’ असे आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणारा माणूस अज्ञानी तरी असतो नाहीतर लबाड. पण ‘अमुक तासांत, अमुक पट्ट्यावरून ही वस्तू जाणार आहे, जळते काही दिसले तर घाबरू नका, पडलेल्या तुकड्याला हात लावू नका, इंधनाच्या टाक्यांत विषारी अवशेष असू शकतात’ एवढे सांगता येते, आणि तेवढेच हवे असते. लाडबोरीला ते कोणी सांगितले नाही.

यावर काही कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की हे शिकलेल्या पोरांचे छंद आहेत. कापसाचा भाव, नापिकी, कर्ज आणि बेकारी असताना आकाशातील डबे मोजत बसणे ही चैन आहे. आक्षेपामागची तळमळ प्रामाणिक आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. ते कडे मुंबईच्या मलबार हिलवर पडले नाही. ते एका खेड्यात पडले, जेथे वेधशाळा नाही आणि विचारायला जवळ कोणी नाही. अज्ञानाची किंमत नेहमी त्यांच्याकडूनच वसूल केली जाते, ज्यांना अज्ञानात ठेवलेले असते. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब कोसळणार म्हणून या देशात घबराट माजली होती. अखेर तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तेथील एस्परन्सच्या स्थानिक संस्थेने अमेरिकी अवकाश संस्थेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. दंड थट्टेचा होता, पण थट्टा करायलाही आपल्या जमिनीवरचा हक्क ठाऊक असावा लागतो.

हा हक्क कागदावर भारतालाही आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातील वस्तूने जमिनीवर केलेल्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी ती सोडणाऱ्या राष्ट्रावर असते. चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. पण या करारात एक मेख आहे. मागणी शेतकरी करू शकत नाही, ग्रामपंचायत करू शकत नाही. राष्ट्रानेच राष्ट्राकडे, सामान्यतः एका वर्षाच्या आत, करायची असते. ज्याचे छप्पर फुटले त्याला दिल्लीच्या परराष्ट्र खात्यापर्यंत पोचायचे आहे, तेही ही वस्तू कोणाची हे ठरल्यावर. तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘आकाशातून पडलेली अज्ञात वस्तू’ असे लिहिले गेले, की दावा तेथेच लंगडा झाला. म्हणून पंचनाम्यात वेळ, दिशा आणि आकाशातून जाताना किती सेकंद दिसले हे लिहिले गेले पाहिजे. त्या तीन गोष्टी पडद्यावरील मार्गाशी ताडून पाहता येतात. हा छंद नव्हे, पुरावा आहे.

आता त्या खातेवहीच्या मालकाकडे वळू या. जगभर वापरल्या जाणाऱ्या या दोन-दोन ओळींचा मुख्य उगम अमेरिकेच्या लष्कराची यादी हा आहे. ती मोफत मिळते ही त्या राष्ट्राची मेहेरबानी, आणि मेहेरबानी मागे घेता येते. आजही त्यांच्या स्वतःच्या गुप्त लष्करी उपग्रहांच्या कक्षा तीत दिलेल्या नसतात. भारताने काय केले? ‘नेत्र’ नावाचा प्रकल्प आखला आणि जुलै २०२२ मध्ये, म्हणजे लाडबोरीनंतर तीन महिन्यांनी, बंगळूरला अवकाशातील वस्तूंवर देखरेख ठेवणारे केंद्र सुरू केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु नागरिकाला रोज उतरवून घेता येईल अशी स्वतःची नोंदवही भारताने खुली केलेली नाही. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या रडारांचे आकडे जनतेपासून दूर, आणि अमेरिकी सेनेचे आकडे मात्र राजापेठेत उपलब्ध, या विसंगतीवर राष्ट्रभक्तीची व्याख्याने देणारे गप्प का?

त्यांच्या गप्प बसण्याला आणखीही कारण आहे. २७ मार्च २०१९ रोजी भारताने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि सत्ताधाऱ्यांनी निवडणुकीच्या तोंडावर त्याचा गाजावाजा केला. त्याच्या शंभराहून अधिक तुकड्यांची नोंद त्या यादीत झाली. २०२३ च्या जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलेले मोठे नळकांडे भारताच्याच अग्निबाणाचा टप्पा निघाले. चीनला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. लाडबोरीच्या ग्रामस्थाचे आणि त्या किनाऱ्यावरच्या माणसाचे गाऱ्हाणे एकच आहे.

आणि आता राष्ट्रांच्या जोडीला कंपनी आली आहे. आकाशात चालू असलेल्या उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक एलॉन मस्क यांच्या स्टारलिंकचे आहेत. त्यांचे आयुष्य सुमारे पाच वर्षांचे, त्यानंतर त्यांना वातावरणात जाळायचे आणि नवे सोडायचे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवबरोबर अमरावती विभागातील वाशीम जिल्ह्याचे नाव त्यात पुढे आहे. दुर्गम गावात जोडणी पोचावी याला कोणाचा विरोध असणार? पण त्या गावाच्या डोक्यावरून जाणाऱ्या यंत्रांचा हिशेब कोण ठेवणार, जळून न संपलेला तुकडा शिवारात पडला तर पंचनामा कोणत्या नमुन्यात होणार, जिल्ह्याला सूचना कोण देणार, हे प्रश्न सह्यांच्या समारंभात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जाणाऱ्या पुढच्या निवेदनात पीकविम्याच्या आणि कर्जाच्या मागण्यांखाली आणखी तीन मागण्या घालण्यास हरकत नसावी. पुनःप्रवेशाची सूचना बंगळूरहून जिल्हा आपत्ती कक्षाला आणि तेथून ग्रामपंचायतीला मराठीत मिळावी. पडलेल्या वस्तूच्या पंचनाम्याचा नमुना तलाठ्यांना द्यावा. भारताची नोंदवही खुली करावी. आणि निवेदन देण्यापूर्वी राजापेठेतील एखाद्या अभ्यासवर्गाने चार संध्याकाळी गच्चीवर जाऊन, दिगंश-उन्नतांश कागदावर लिहून, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा तेजस्वी ठिपका सांगितलेल्या मिनिटाला उगवतो का हे स्वतः पाहावे. तो सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी दिसतो, मध्यरात्री सहसा नाही. आधी संगणकाचे घड्याळ तेवढे साडेपाच तासांनी जुळवून घ्यावे.